मामांच्या फियाटची छबी

दसऱ्याच्या दिवशी सूर्य कलू लागला, की निम्मे कोल्हापूर दसरा चौकात असते आणि उरलेले निम्मे चौकाकडे येणाऱ्या रस्त्यांवर खोळंबलेले असते. अंबाबाईची पालखी येते, तुळजाभवानीची येते, मानकरी येतात, बँड वाजतो; पण पोरासोरांचे डोळे लागलेले असतात ते एका मोटारीकडे. छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक! ती वळण घेऊन चौकात शिरली, की शेकडो हात एकदम वर होतात आणि प्रत्येक हातात मोबाईल असतो. सोने लुटायला अजून अवकाश असतो. तोवर लोक मोटारच लुटून घेतात.

गेल्या वर्षी मी असाच कॅमेरा गळ्यात अडकवून गर्दीत उभा होतो. शेजारी आमचे मामा. वय वर्षे पंचाहत्तर, डोक्यावर टोपी, हातात छत्री. पाऊस नव्हता, पण दसऱ्याच्या गर्दीत छत्री ढालीसारखी उपयोगी पडते असे त्यांचे मत आहे. आमच्या पुढे बापाच्या खांद्यावर बसलेल्या एका पोराने विचारले, "पप्पा, किती किंमत असंल हो हिची?" बापाने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "लई!"

मामांनी त्या 'लई'वर मान डोलावली. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "अरे, आपली पण जुनीच आहे की. तिचा असा एक झकास फोटो काढून दे मला."

या वाक्यातून पुढचे सगळे रामायण घडले.

आधी मेबॅकविषयी दोन शब्द सांगायला हवेत, कारण मामांच्या डोक्यातला सगळा हिशेब तिच्यावरून सुरू झाला. जर्मनीत कॉन्स्टन्स सरोवराच्या काठी फ्रीडरिक्सहाफेन नावाचे गाव आहे. झेपेलिन नावाची प्रचंड विमानजहाजे तेथे बांधली जात आणि त्यांना लागणारी इंजिने करण्यासाठी विल्हेल्म मेबॅक व त्यांचा मुलगा कार्ल यांनी १९०९ साली कारखाना काढला. पहिल्या महायुद्धानंतर तो कारखाना मोटारींकडे वळला. १९२१ पासून १९४० पर्यंत जेमतेम अठराशेच्या आसपास गाड्या तेथून बाहेर पडल्या. कारखाना द्यायचा तो सांगाडा आणि इंजिन. वरचा साज ज्याने त्याने आपल्या हौसेप्रमाणे निराळ्या कारागिरांकडून चढवून घ्यायचा. म्हणजे एक मेबॅक दुसरीसारखी असेलच असे नाही. आमच्याकडची आली ती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, म्हणजे १९२२ ते १९४० या काळात. तिच्या नंतर किती सिमोल्लंघने झाली ते मोजा, आणि अजून ती आपल्या चाकांवर चौकात येते!

आता मामांची 'आपली'. ती म्हणजे १९५७ सालची फियाट अकराशे, जिला अवघा महाराष्ट्र प्रेमाने 'डुक्कर फियाट' म्हणतो. पुढच्या नाकाडाचा उंचवटा आणि दोन्ही बाजूंचे गुबगुबीत गाल पाहिले, की हे बारसे करणाऱ्याला दाद द्यावीशी वाटते. इटलीत हा नमुना १९५३ साली निघाला आणि वर्षभरात मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये जोडला जाऊ लागला. हा कारखाना १९४४ साली काढला तो आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी. जहाजे, विमाने आणि मोटारी या तिन्हींचे कारखाने या देशात उभे करण्याचा ध्यास घेतलेला तो माणूस १९५३ साली गेला. ही फियाट कुर्ल्यात उभी राहिलेली त्याला पाहायला मिळाली नाही.

गाडी आणली माझ्या आजोबांनी. आजोबा शाहूपुरीतले वकील. त्यांच्या पक्षकारांत गुऱ्हाळवाले आणि सोनार पुष्कळ, त्यामुळे फी कधी रोख, कधी गुळाच्या ढेपांत मिळे. अशी पै पै जोडून त्यांनी ती मोटार घेतली. तिचे पुढचे दरवाजे आजच्या गाड्यांच्या उलटे उघडतात: बिजागरी मधल्या खांबाला आणि कडी पुढे. इंग्रजीत अशा दरवाजांना आत्महत्येचे दरवाजे म्हणतात, कारण चालत्या गाडीत कडी निसटली तर वारा दार ओढून सताड उघडतो. पण नऊवारीतल्या आजीला उतरायला मात्र ते फार सोयीचे. आधी पाय खाली, मग पदर सावरून आपण. राणीसाहेबांसारखी उतरायची ती, आणि उतरल्यावर पहिल्यांदा पेढ्यांची पुडी शाबूत आहे ना ते बघायची.

माझ्या लहानपणी त्या गाडीत आम्ही आठ जण बसून नरसोबाच्या वाडीला जात असू. गियरचा दांडा चाकाखालीच असल्यामुळे पुढे सलग बाक होता, त्यावर तीन मोठी माणसे आणि मांडीवर मी. पन्हाळ्याचा चढ आला की मामा गाडी थांबवून बॉनेट उघडत, रेडिएटरची वाफ जाऊ देत आणि तेवढ्यात मामी कांदेपोहे वाढून मोकळ्या होत. त्या गाडीला तहान लागली की आम्हाला भूक लागे, असा नेमच होता.

आजच्या तरुण वाचकांना खरे वाटणार नाही, पण एके काळी हीच फियाट घेणे म्हणजे शहाणपणाची गुंतवणूक होती. परवान्यांच्या त्या जमान्यात देशात मोटारींचे कारखाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आणि मागणी उदंड. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. त्यामुळे नवी गाडी दारात येऊन उभी राहिली, की दुसऱ्याच दिवशी तिच्या किमतीहून जास्त पैसे घेऊन गिऱ्हाईक ओसरीवर हजर! वापरलेली वस्तू नव्याहून महाग, असा उलटा बाजार आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिलेला आहे. आजोबांकडेही असे एक गृहस्थ आले होते. आजोबांनी त्यांना चहा दिला आणि म्हणाले, "गाडी राहू द्या, तुमचं काही कोर्टाचं काम असेल तर सांगा." हा प्रसंग मामांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितला आहे, की फियाटला किंमत येते यावर त्यांची जी श्रद्धा बसली ती तेव्हाच बसली असावी.

विकायचा विचार मात्र श्रद्धेतून आला नव्हता. मामींचे दोन्ही गुडघे गेले होते. डॉक्टरांनी बदलायला सांगितले होते. मामांचे निवृत्तिवेतन बेताचे. मुलगी परगावी, ती पैसे द्यायला तयार, पण मामा घ्यायला तयार नाहीत. मी विषय काढला तेव्हा त्यांनी असे काही पाहिले, की मी लगेच क्रिकेटवर बोलू लागलो. अशा वेळी परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये बारा वर्षे उभी असलेली फियाट त्यांना आठवली. त्यातच वर्तमानपत्रात कधी तरी वाचलेली एक बातमी त्यांच्या डोक्यात होती. १९५५ सालची एक मर्सिडीज, जगात दोनच तयार झालेली, २०२२ साली साडेतेरा कोटी युरोंना विकली गेली. "म्हणजे आपल्या पैशात हजार कोटींच्या वर," मामा म्हणाले. "आणि आपली फक्त दोन वर्षांनी लहान! मी काही तसलं मागत नाही. दहा लाख पुरेत."

मी काही बोललो नाही. मराठीच्या प्राध्यापकाला मोटारींच्या बाजारात कोण विचारतो? मात्र कॅमेरा माझ्याकडे होता. कॉलेजच्या नियतकालिकासाठी घेतला होता आणि त्यावर स्नेहसंमेलनांखेरीज काही टिपले गेले नव्हते. शिवाय कोल्हापूरच्या माणसाला कॅमेरा म्हटले की जरा चेव येतोच. बाबूराव पेंटरांनी या गावात स्वतःच्या हाताने सिनेमाचा कॅमेरा बनवला, १९२० साली 'सैरंध्री' काढला. त्या गावात राहून आपल्याला एका डुकराचे छायाचित्र नीट काढता येऊ नये?

उद्यमनगरातले एक मेस्त्री मामांच्या ओळखीचे. त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, टायरला पायाने डिवचले आणि म्हणाले, "सर, बॉडी हाय, पर जीव न्हाई." मग चार दिवस खपून त्यांनी जीव घातला. पेट्रोलची टाकी खरवडली, कार्बोरेटर उघडून धुतला, नवी बॅटरी बसवली. पाचव्या दिवशी फियाट खोकली, शिंकली आणि चालू झाली. मामींनी खिडकीतून हात जोडले.

रविवारी पहाटे साडेपाचला आम्ही रंकाळ्याला निघालो. मामा चाकावर, मी शेजारी, मागे मेस्त्री. गंगावेशीत गाडी बंद पडली. तालमीतून घामाघूम होऊन आलेली चार पोरे "ढकला रं!" म्हणत पुढे झाली आणि तिला अशी काही ढकलली, की इंजिन चालू झाल्यावरही बिचाऱ्यांना थांबायचे भान राहिले नाही. पायाखालचा रस्ता मला दिसत होता. अलंकारिक अर्थाने नव्हे, खरोखर दिसत होता. चालकाच्या पायाशी सतरंजीचा तुकडा टाकलेला, तो सरकला आणि तळाच्या पत्र्याला पडलेल्या तळहाताएवढ्या भोकातून डांबर पळताना दिसले. मी मामांकडे पाहिले. त्यांनी पायाने सतरंजी पुन्हा जागेवर सारली आणि म्हणाले, "हवा येते. बरं असतं."

मोटारीचे छायाचित्र काढणे हे माणसाच्या छायाचित्राइतकेच अवघड काम आहे, हे मला त्या सकाळी कळले. उभ्याने काढले तर गाडी खेळण्यासारखी दिसते. म्हणून कॅमेरा तिच्या दिव्यांच्या उंचीवर आणायला हवा. त्यासाठी मी रंकाळ्याच्या काठावर गुडघे टेकले. फिरायला आलेला माझा एक विद्यार्थी थांबून म्हणाला, "सर, काय हरवलं का?" जवळून, रुंद भिंगाने काढावे तर नाकाड दुप्पट होते आणि डुकराचा रानडुक्कर होतो, म्हणून वीसेक पावले मागे सरून लांबचे भिंग लावले. ऊन कोवळे असताना, ते तिरपे पडत असताना, अंगावरची प्रत्येक गोलाई उठून दिसते. आठ वाजून गेले की तीच गाडी पत्र्याचा डबा वाटू लागते. माझ्या पाठीशी सूर्य, समोर फियाट, तिच्यामागे रंकाळ्याचे स्तब्ध पाणी आणि पलीकडे धुक्यातून डोकावणारा शालिनी पॅलेस. देखावा असा जमला होता, की दृष्ट लागावी.

एक अडचण होती. रंग उडाला होता. पांढऱ्याचा झालेला पिवळट, खडूसारखा रंग उन्हात अगदी मेल्यासारखा दिसे. तेव्हा मेस्त्रींनी युक्ती सांगितली. रंकाळ्यातून बादलीभर पाणी आणून गाडीवर ओतले. ओला झाल्याबरोबर रंग उजळला, चकाकला, जणू कालच कारखान्यातून आली! पाणी वाळायच्या आत मी भराभर कळ दाबली. उजव्या बाजूचा गाल गंजला होता, म्हणून सगळी छायाचित्रे डाव्या बाजूची घेतली. आतले घेताना सतरंजी नीट पसरली. मेस्त्री म्हणाले, "सर, लगनाच्या पोरीचा फोटू बी आसाच काढत्यात." मी हसलो. त्या वेळी हसलो.

छायाचित्रे अप्रतिम आली. हे मी स्वतःच म्हणतो, कारण पुढे जे घडले त्यात माझा दुसरा काही मोठेपणा नाही. मामांच्या मुलीने ती जुन्या गाड्यांच्या शौकिनांकडे धाडली आणि तीन दिवसांत मामांचा फोन थांबेना. नाशिकहून विचारणा, बेळगावहून विचारणा, मुंबईहून तीन. मामा दर वेळी आवाज बदलून "हां, दहा" एवढेच म्हणत. मामींना त्यांनी सांगून टाकले, की दोन्ही गुडघे एकदमच करून घेऊ.

पहिला प्रत्यक्ष आला तो पुण्याचा एक तरुण इंजिनियर. सुट्टी टाकून, सकाळी सातला निघून आलेला. मामींनी पोहे केले. त्याने ते मनापासून खाल्ले आणि मग आम्ही परसात गेलो. शेडमधल्या उजेडात तो जरा वेळ उभा राहिला. मग माझ्याकडे वळून नम्रपणे म्हणाला, "फोटो आपण काढलेत का सर?"

"हो."

"फारच सुंदर आहेत." आणि थांबून, अगदी भाबडेपणाने, "ती गाडी कुठे आहे?"

ती गाडी त्याच्या समोरच होती.

त्याने पिशवीतून विजेरी काढली आणि एक लोहचुंबक काढला. चुंबक गाडीच्या अंगावरून फिरवत चालला. जिथे खरा पत्रा होता तिथे तो टकदिशी चिकटे. जिथे गंजलेल्या जागी डेंटर-पेंटरने पूर्वी कधी लांबी भरली होती तिथे घसरून खाली पडे. उजव्या गालावर तो चिकटलाच नाही. मग तरुण पाठीवर झोपून गाडीखाली शिरला. बाहेर आला तेव्हा त्याच्या शर्टावर गंजाची रांगोळी होती. सतरंजीखालचे भोक त्याला खालूनच दिसले होते.

भोक हे भोकच, त्यात काय एवढे, असे मला वाटत होते. त्याने समजावून सांगितले. त्याआधीच्या पुष्कळ गाड्यांना खाली स्वतंत्र लोखंडी सांगाडा असे आणि वरचा साज त्यावर बसवलेला असे. साज कुजला तरी सांगाडा वाचे. या फियाटला निराळा सांगाडा नाही. तळ, बाजू, खांब सगळे मिळून एकच कवच आणि सगळा भार त्यावर. तेव्हा हिचा तळ गंजला म्हणजे पाठीचा कणाच गंजला. हे ऐकून मामींनी नकळत आपल्या गुडघ्यावर हात ठेवला.

मग इंजिनाचा नंबर निघाला. कागदावर एक, इंजिनावर दुसरा! मामा हे ऐकून उलट खूश झाले. "अहो, नव्वद साली पद्मिनीचं इंजिन बसवून घेतलं मी. नवं आहे ते!" तरुणाने एक सुस्कारा सोडला. ज्याला आपण वाढवलेली किंमत समजत होतो ती कमी झालेली निघाली. शौकिनाला हवे असते ते कारखान्यातून आले तसेच, जुने, थकलेले का असेना, पण तेच. २०२१ साली केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी नियम केले, त्यांचाही रोख हाच आहे. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात ठेवलेली आणि फारसा फेरफार न झालेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. २०,००० रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत आणि पाटीवर 'व्हीए' ही खास अक्षरे. धंद्यासाठी किंवा रोजच्या वापरासाठी मात्र ती चालवायची नाही. मामा त्या दोन अक्षरांवर मोठी आशा ठेवून होते. आता बदललेल्या इंजिनाची कुठे नोंदच केलेली नाही म्हटल्यावर ती अक्षरे दूर गेली. शिवाय आरसी बुक अजून आजोबांच्या नावावर! आजोबांना जाऊन पंचवीस वर्षे झालेली. म्हणजे मामा, माझी आई आणि धाकटी मावशी अशा तिघा वारसांच्या सह्या आल्या.

तरुणाने वहीत आकडे मांडले. पत्रा, वेल्डिंग, क्रोमचा मुलामा, खिडक्यांची रबरे, गाद्या, रंग, आणि मूळ इंजिन शोधायचे तर त्याचे वेगळेच. बेरीज सात लाखांवर गेली. "आणि एवढं करून काका, पाच लाखांना कोणी घेतली तर नशीब. मी हौसेनं करीन, पण गाडीचे तुम्हाला एक लाख दहा हजारांहून जास्त नाही देऊ शकत."

मामांनी छत्री उचलली, पुन्हा ठेवली. "चहा घेऊन जा," एवढेच म्हणाले. बापाचे वाक्य मुलाच्या तोंडी आले, पण किती निराळ्या आवाजात!

त्या रात्री मला झोप लागली नाही. दहा लाखांचा आकडा मामांचा खरा. पण त्या आकड्यावर पाणी ओतून तो चमकवला होता मी. निबंधात विद्यार्थ्याने अलंकार जास्त केले की मी लाल रेघ ओढतो. आणि मी स्वतः काय केले होते?

पुढे कुतूहलाने मी या विषयाचे बरेच वाचन केले. म्हातारी गाडी आणि मोलाची गाडी यांचा संबंध आपण समजतो तितका जवळचा नाही. फोर्डची 'मॉडेल टी' १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटींच्या घरात तयार झाली. शंभरी ओलांडली तरी ती अजून पुष्कळ आहे. दुर्मिळ असणे हेही पुरेसे नाही. बुगाटीची 'रॉयल' घ्या. पंचवीस करायच्या ठरवून सहाच झाल्या, आणि १९३० च्या मंदीत त्यांतल्या तीनच गिऱ्हाइकांना खपल्या. राजांसाठी केलेली गाडी राजांनी घेतली नाही! १९५० साली अमेरिकेतल्या ब्रिग्ज कनिंगहॅम नावाच्या शौकिनाने त्यांतल्या दोन अगदी किरकोळ पैशांत घेतल्या. वर दोन नवे रेफ्रिजरेटर दिले, असे सांगतात. त्यांतलीच एक १९८७ साली लंडनच्या लिलावात ५५ लाख पौंडांना गेली. गाडी तीच, संख्या तीच. बदलली ती मागणाऱ्यांची नियत आणि खिसे.

दूर कशाला, आपल्या इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी स्वतःच्या हिमतीवर 'मीरा' नावाची छोटी मोटार बनवली. पहिला नमुना १९४९ सालचा. पुढे कितीतरी वर्षे ते सुधारून नवे नमुने करीत राहिले. पण कारखान्यातून ती कधी निघाली नाही. तिच्याहून दुर्मिळ गाडी कोणती? पण बाजाराच्या वहीत तिच्या नावापुढे आकडाच नाही. आणि मेबॅकच्या नावापुढे तरी कुठे आहे? ती विकायची नाही, म्हणून ती 'लई'. विकायला काढली की मग 'लई' चालत नाही, आकडा लागतो.

डुक्कर फियाटचे दुखणे आणखी निराळे. ती दुर्मिळ झाली आहे खरी, पण तिचे भाऊबंद आपण परवापरवापर्यंत रस्त्यावर पाहिले. तिच्याच वंशातली पद्मिनी, काळीपिवळी टॅक्सी होऊन मुंबईत धावत होती. शेवटची नोंदली गेली २००३ च्या ऑक्टोबरमध्ये आणि वीस वर्षांच्या मर्यादेप्रमाणे २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये तिला निरोप मिळाला. लोक हळहळले, छायाचित्रे काढली आणि घरी गेले. हळहळीला खर्च येत नाही.

आठवड्याने मुंबईचा एक व्यापारी आला. त्याने गाडीखाली डोकावलेही नाही. "मला चार दरवाजे, पुढची जाळी, मीटर आणि स्टिअरिंग हवं. साठ हजार आत्ता देतो. उरलेलं भंगारात द्या, त्याचे वेगळे मिळतील." दुसऱ्या कुठल्याशा फियाटला त्याला ते दरवाजे लावायचे होते. हिशेब चुकीचा नव्हता. सुटे करून विकले तर कदाचित पुण्याच्या माणसाहून चार पैसे जास्तच आले असते. मामांनी शांतपणे ऐकून घेतले. मग उठले, शेडमध्ये गेले आणि त्या चारही दरवाजांना आतून कड्या लावून आले. व्यापारी समजला.

त्या संध्याकाळी मी मामांना म्हणालो, "मामा, मी परत फोटो काढतो." या खेपेस रंकाळा नाही, पहाट नाही, पाणी नाही. भर दुपारी शेडचे पत्रे बाजूला करून, उजवा गाल, गंज, लांबीचे ठिगळ, सतरंजी काढून ते भोक, इंजिनाचा नंबर, आरसी बुक, उखडलेली गादी, सगळे टिपले. एकेचाळीस छायाचित्रे. मामा विजेरी धरून उभे होते. एका ठिकाणी म्हणाले, "इथंही आहे बघ, इथलं घे." चाकाच्या चकचकीत टोपीचे घेतले तेव्हा त्यात मीच दिसलो, गुडघ्यावर बसलेला, पोट सुटलेला. ते पुसायचे नाही असे ठरवले.

ती छायाचित्रे पाहून बाकीच्यांचे फोन आपोआप थांबले. पुण्याच्या तरुणाचा मात्र आला. म्हणाला, "काका, आता सगळं कळलं. एक वीस देतो. पण दरवाजे सुटे करून कुणाला देऊ नका." मामांनी एक पंचवीस मागितले, आणि एक वीसवर हो म्हणाले. वारसांच्या सह्या, शपथपत्रे, नावावर करणे यांत साडेतीन महिने गेले. मावशीने सही करताना डोळे पुसले आणि वर विचारले, की वाडीच्या पेढ्यांचा वास अजून येतो का गाडीत?

ट्रकवर चढवून गाडी गेली त्या दिवशी वळवाचा पाऊस पडला. फियाट नखशिखान्त भिजली आणि रंकाळ्याच्या छायाचित्रातल्यासारखी लखलख करत वळणाआड गेली. मामांनी छत्री उघडलीच नाही.

पैशांत एकच गुडघा बसला, तोही मुलीने औषधांचा खर्च मामांना न सांगता परस्पर भागवला म्हणून. मामी आता अंगणात काठीशिवाय फिरतात, डावीकडे किंचित कलून. परवा पुण्याहून फोन होता. वरचा पांढरा रंग खरवडताना खाली निळा लागला म्हणे, मूळचा कोणता? मामा ताडकन म्हणाले, "निळाच! पांढरा मी दिला, चुकलंच ते." आणि दिवाळीनंतर आम्ही ती बघायला पुण्याला जाणार आहोत. कॅमेरा घेऊन ये, असा मला हुकूम आहे.

मामी म्हणाल्या, "ने की. येताना तो कॅमेरा तिथंच विकून ये, माझा दुसरा गुडघा राहिलाय."